सिनेगॉग ते मासळी बाजार, अकरा मिनिटं जास्त

या सदरात लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात ते मी नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चहा पिता पिता हसते. पांढरी साडी, घाटात बंद पडलेली गाडी, लिफ्ट मागणारी बाई... मी कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते, म्हणजे पोरांच्या भाषेत 'पी.टी.च्या मॅडम'. पोरगी मैदानात चक्कर येऊन पडली तर ती सकाळी काय खाऊन आली ते मी विचारते, अंगारा शोधत नाही. सासूबाई हयात होत्या तेव्हा दाराला लिंबू-मिरची बांधायच्या. माझं म्हणणं एवढंच असायचं की लिंबू वाया जातं.

त्यामुळे हे लिहायला मला संकोच वाटतोय. पण माझी जुनी विद्यार्थिनी प्रणाली परवा भेटली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी नाय लिहिलं तर मी लिहीन. आणि मी मसाला घालीन." म्हणून मीच लिहिते.

ही गोष्ट 2010-11 च्या आसपासची, पनवेलची. आमच्या कॉलेजात तेव्हा एक उपक्रम सुरू झाला होता — परदेशी पाहुण्यांना जुनं पनवेल पायी फिरवून दाखवायचं. फुकट. टिप घ्यायची नाही, फार तर शेवटी चहा. पोरांना इंग्रजी बोलायची सवय व्हावी हा हेतू. पनवेलला परदेशी कुठून येणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण खारघरला राहणाऱ्या परदेशी इंजिनियरांच्या बायका, बंदरावर कामाला आलेले लोक, कर्नाळ्याला पक्षी बघायला आलेले... महिन्यातून दोन-तीन गट सहज मिळायचे. रविवारी सकाळी साडेसातला उठून यायला एकही प्राध्यापक तयार नव्हता, म्हणून जबाबदारी माझ्यावर आली. तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि रविवारीसुद्धा पाचलाच उठत होते.

मी मार्ग आखला. वडाळे तलावापासून सुरुवात, मग देऊळ, बाजाराच्या गल्ल्या, मग सिनेगॉग — आपल्याकडे जुने लोक त्याला अजून 'इस्रायली मशीद' म्हणतात. कोकणातले हे ज्यू लोक मराठी बोलणारे, पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आता बहुतेक सगळे इस्रायलला गेलेत. तिथून उरण नाक्याकडे मासळी बाजार, की संपलं. आठ पानं मजकूर लिहून पोरांकडून पाठ करून घेतला. नियम एकच. माहीत नसेल तर 'आय डोन्ट नो' म्हणायचं. मनाचं एक अक्षर घालायचं नाही.

आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहायची. स्टॉपवॉच मी दिलं होतं. मला वेळा लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, हा माझा व्यवसायाचा रोग समजा.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांचे कागद बघितले आणि एक गोष्ट खटकली. सिनेगॉग ते मासळी बाजार हे अंतर गप्पा मारत चाललं तरी सहा मिनिटांचं. कागदावर मात्र सतरा. प्रत्येक वेळी सतरा. गट मोठा असो की लहान, गाईड कुणीही असो.

मी पोरांना जिमखान्यात उभं केलं. ओंकार सगळ्यात बोलका, त्याला आधी धरलं.

"कुठे थांबता रे?"

"मॅडम, आईशप्पथ, कुठेच नाही."

"गोळा खात असशील."

"रविवारी सकाळी नऊ वाजता गोळेवाला कुठे असतो, मॅडम!"

"मग वडापाव."

"तो शेवटी खातो," ओंकार प्रामाणिकपणे म्हणाला. पोरं हसली.

प्रणाली हसली नाही. ती उरणजवळच्या करंजाची, कोळ्यांची मुलगी, बापाची बोट. सगळ्यांत नीट काम करणारी. ती म्हणाली, "मॅडम, आमी खरंच थांबत नाय. पण बाजाराशी पोचलो का ते लोक एकदम गप झालेले असतात. मागच्या टायमाला एक बाई डोळं पुसत होती. मी विचारलं तर माझाच हात धरून थँक्यू म्हणाली. मला वाटलं मासळीच्या वासानं असंल."

मी म्हटलं, वासानं असेल.

त्याच आठवड्यात एका जर्मन जोडप्याची ई-मेल आली. छान होतं सगळं, आभारी आहोत, आणि सगळ्यात लक्षात राहिला तो हिरव्या दारासमोरचा प्रसंग. तुमच्या विद्यार्थिनीने तो फार जीव ओतून सादर केला. माझं डोकं फिरलं. आठ पानांत हिरवं दार नव्हतं, प्रसंग नव्हता, सादर करण्यासारखं काहीही नव्हतं. पोरं नाटकं करतायत आणि वर माझ्या तोंडावर खोटं बोलतायत! उपक्रम बंद करायचा की दोघा-तिघांना काढून टाकायचं, एवढंच ठरवायचं बाकी ठेवलं आणि पुढच्या रविवारी स्वतः गटाबरोबर निघाले.

सहा पाहुणे होते. त्यांत कर्स्टन नावाची एक डॅनिश बाई, साठीची, निवृत्त नर्स. नवरा बंदरावरच्या कुठल्याशा कामात. आणि एक कोरियन जोडपं. त्यातल्या बायकोला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, नवरा तिला हळू आवाजात सांगत होता. गाईड प्रणाली. मी सगळ्यांच्या मागे, हातात स्टॉपवॉच.

सिनेगॉगच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा मी बटण दाबलं. गल्लीत डावीकडे वळलो. कोपऱ्यावर सलीमभाईंची बेकरी आहे, तिथे खारी भाजल्याचा वास आला. पुढे एका स्कूटरला वाट दिली. मग उरण नाक्याचा आवाज, मासळीवाल्यांची ओरड. मी बटण दाबलं आणि बघितलं.

सतरा मिनिटं.

मी स्टॉपवॉच कानाशी लावलं — डिजिटल होतं ते, कानाला लावून काय उपयोग? पण लावलं. मी कुठेही थांबले नव्हते. वळण, बेकरी, स्कूटर, नाका, प्रत्येक पाऊल मला आठवत होतं. मग मी मान वर केली तर कर्स्टन रुमालाने डोळे पुसत होती. ती कोरियन बायको तर हुंदके देत होती, आणि नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

मी प्रणालीकडे बघून चिडून म्हटलं, "काय सांगितलंस गं यांना?"

प्रणालीचा चेहरा कोरा. कर्स्टन मध्ये पडली. इंग्रजीत म्हणाली, "तिला काय विचारताय? तिने कुठे सांगितलं? तुम्ही सांगितलंत."

मी म्हणजे मी.

बाजाराच्या बाहेर एका हॉटेलात मी कर्स्टनला बसवलं आणि नर्स बाईला विचारावं तसं सरळ विचारलं, मी काय केलं ते क्रमाने सांगा. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिने सांगितलं ते असं. बेकरीच्या पुढे भिंतीत एक हिरवं लाकडी दार आहे, तिथे मी थांबले. पाहुण्यांकडे पाठ, दाराकडे तोंड. आणि बोलू लागले. इथे एक मुलगा उभा होता. तो मला हाका मारत होता. खाली रस्त्यावर ट्रक थांबला होता, सामान भरलेला, बोटीवर जाणारा. मी बाहेर आले असते तर तो गेलाच नसता, म्हणून मालकांनी मला सांगितलं होतं, आत राहा. मी आत होते. त्याला सांगितलं की ती काल गावाला गेली. मी आत होते... मग मी वळून प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कुठल्या गावाला परत जाणार? आणि प्रत्येकाला म्हटलं, त्या बाजूला गेलात तर सामूला सांगा, हिराबाय आत होती.

"कुठल्या भाषेत बोलत होते मी?" मी विचारलं.

कर्स्टन विचारात पडली. "इंग्रजीत... असणार. मला कळलं ना." मग तिने पलीकडच्या टेबलावर बसलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या त्या कोरियन बाईकडे पाहिलं.

पाहुण्यांना रिक्षांत बसवून मी आणि प्रणाली परत त्या गल्लीत गेलो. दार होतं. इतक्या वेळा तिथून गेले असेन, कधी बघितलं नव्हतं. एका जुन्या भिंतीत हिरवं, दोन फळ्यांचं दार, बाहेरून गंजकं कुलूप. सलीमभाई बेकरीच्या पायरीवर बसले होते.

"सलीमभाई, आमचे लोक इथे थांबतात का?"

"रोज के रोज नाही, पण तुमचे फॉरेनर आले की थांबतात. आज तर तुम्ही खुद होतात," ते म्हणाले. "दरवाज्याकडे तोंड करून बोलत होतात. मला वाटलं लेक्चर आहे. काय बोललात ते खुदा जाणे, भट्टीचा ब्लोअर चालू असतो."

"किती वेळ?"

"एक ट्रे खारीचा निघतो तेवढा. दहा-बारा मिनिट."

"दाराच्या मागे काय आहे?"

ते हसले. "मागे काय असणार? पार्किंग! पूर्वी इस्रायली लोकांचा घाणा होता, अब्बा सांगायचे. घर पडलं, केस चालू आहे, म्हणून ही दीवार तेवढी उभी आहे."

आम्ही पुढच्या रस्त्याने वळसा घालून मागे गेलो. चालत चार मिनिटं लागली. सलीमभाईंचं खरं होतं. मोकळा प्लॉट, दहा-पंधरा मोटरसायकली, एक कोंबडी. भिंतीला या बाजूनेही तेच दार, आतून लाकडी अडसर घातलेला. प्रणालीने अडसराला हात लावायला हात पुढे केला, मी तो खाली केला.

मी काय केलं असेल? मार्ग बदलला. सिनेगॉगहून दुसऱ्या रस्त्याने बाजारात. मैदानात खड्डा असेल तर मी ट्रॅक सरकवते, खड्डा का पडला याचा शोध घेत बसत नाही. पुढच्या तीन फेऱ्या कागदाप्रमाणे बरोबर झाल्या, कुणी रडलं नाही. मधे एकदा मी मुद्दाम फक्त आमच्या पोरांना घेऊन त्या जुन्या गल्लीतून गेले. सहा मिनिटं. काहीही नाही.

"मॅडम, ती लांब जाणाऱ्यांनाच निरोप देती," प्रणाली म्हणाली. "आपुन कुठं जाणार? लई झालं तर कोन गावापर्यंत."

विषय संपला असं मी ठरवलं होतं. पण कर्स्टनने ठरवलं नव्हतं. तिला निरोप दिला होता आणि तिने तो मनावर घेतला. सलीमभाईंनी सांगितलेलं इस्रायली घाण्याचं मी तिला कळवलं होतं. तिची एक मैत्रीण इस्रायलला होती, तिच्यामार्फत तिथल्या मराठी ज्यूंमध्ये ती विचारत राहिली — पनवेलच्या घाण्यावरचा सामू, लहानपणी गेलेला. चार-पाच महिन्यांनी मला एक ई-मेल आली. इंग्रजी साधं, तुटक.

माझं नाव सॅम्युएल. मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो, वेल्डर होतो, आता निवृत्त. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही पनवेल सोडलं. मला आई नव्हती. आमच्या घाण्यावर जासईची हिराबाय कामाला होती, तिने मला वाढवलं. जायच्या दिवशी मी दाराशी उभा राहून तिला हाका मारल्या. वडील म्हणाले ती कालच गावाला गेली. ही गोष्ट मला, वडिलांना आणि माझ्या बहिणीला एवढ्यांनाच माहीत होती. ते दोघेही आता नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलं? ती न भेटता गेली हे मी जन्मभर धरून बसलोय. मला दुसरं काही नको. ती आत होती की नव्हती, एवढं कळलं पाहिजे. मी येतोय.

ती मेल मी तीनदा वाचली. मग उत्तर लिहिलं, जसं आहे तसं. मला कुणी सांगितलेलं नाही. मी बोलले असं लोक म्हणतात, मला ते आठवत नाही. याला पुरावा म्हणता येणार नाही. इतक्या लांबून या आशेवर येऊ नका.

त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. तिकीट काढलं आहे.

मधल्या काळात प्रणालीने जासईत जाऊन विचारलं. तिथे आता कंटेनर यार्डांनी अर्धं गाव वेढलंय. हिराबाय नावाची पनवेलला इस्रायलींकडे कामाला जाणारी बाई एका म्हातारीला ऐकून माहीत होती, "व्हती कोण तरी", याच्यापुढे काही नाही.

सामूकाका एका मंगळवारी सकाळी आले. मी त्यांना मनात सामूच म्हणत होते, तोंडाने सॅम्युएल काका. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या टोपीखाली चेहरा अगदी आपल्या रायगडातला. वडाळे तलावाशी रिक्षातून उतरले आणि माझ्याशी मराठीत बोलले. जुनी, जपून ठेवलेली मराठी, आपण आजोबांकडून ऐकायचो तशी.

"आपणच त्या बाई का?"

"मी जाधव. ही प्रणाली."

"चला मग. उशीर झाला आहे," ते म्हणाले. सकाळचे नऊ वाजले होते.

आम्ही पूर्ण फेरी केली नाही. सिनेगॉगमध्ये ते पाच मिनिटं बसले, मग जुन्या मार्गाने निघालो. मी स्टॉपवॉच प्रणालीकडे दिलं, स्वतःवर माझा भरवसा नव्हता. वळण. बेकरी. हिरवं दार. मी हळू झाले. अंगावर काटा वगैरे काही नाही. आम्ही दारासमोरून गेलो आणि बाजारात पोचलो. त्यांच्या चालीने आठ मिनिटं.

"काही बोललात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पुन्हा जाऊ या."

पुन्हा गेलो. पुन्हा आठ मिनिटं. मला प्रत्येक पाऊल आठवत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं.

सलीमभाईंनी पायरीवर स्टूल टाकलं, नानकटाई पुढे केली. सामूकाका बसले. दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळ्या जगाशी बोलली. माझ्याशीच नाही."

प्रणाली त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "काका, ती परक्यांजवळ निरोप द्यायची. घरच्या माणसाजवळ निरोप कशाला देईल?"

"घरचा?" ते म्हणाले. "मला तर सांगितलं ती गेली."

प्रणाली उठून माझ्याजवळ आली आणि कानाशी कुजबुजली, "मॅडम, मी बोलू? माझी आजी बोलायची तसं बोलते. त्यांना कळायचं नाय. एवढ्या लांबून आलाय म्हातारा, रिकामा जाईल..."

"नाही."

"एकच वाक्य, मॅडम."

"प्रणाली, नाही म्हटलं ना. त्यांनी खरं विचारलंय."

ती माझ्यावर रागावली. तिचं चुकत नव्हतं. मलाही त्या माणसाकडे बघवत नव्हतं. पण तो जन्मभर एक खोटं धरून बसला होता, त्यावर दुसरं खोटं मी देणार नव्हते.

तेवढ्यात सामूकाका उठले. टोपी नीट केली. इकडेतिकडे बघितलं, माणूस लाजतो तसं. मग दाराशी जाऊन उभे राहिले आणि हाक मारली.

"बाय... ए हिराबाय..."

रस्त्याने जाणारे दोघे थांबून बघू लागले. सलीमभाईंनी आत हात घालून ब्लोअर बंद केला. मी पायरीवर प्रणालीच्या शेजारी उभी होते.

"बाय, मी सामू. बाय गं..."

आणि पुढचं मी जेवढं जसं झालं तेवढंच सांगते.

दार माझ्या नाकासमोर होतं. तेच दार, पण ही दुसरी बाजू. फळ्या खरखरीत, रंग नसलेल्या, मध्ये लाकडी अडसर. फळ्यांच्या फटीतून ऊन येत होतं. खाली उंबऱ्याशी पायांची सावली हलत होती. मागे काय होतं ते मी बघितलं नाही. घाण्यातल्या पेंडीचा वास येत होता. पलीकडून सामूकाका हाका मारत होते. आवाज म्हाताऱ्या माणसाचाच होता, लहान मुलाचा झाला वगैरे काही नाही. त्यांचं प्रत्येक अक्षर मला ऐकू येत होतं. दम लागलेला कळत होता. एकदा त्यांनी दारावर थाप मारली आणि ती थाप मला तळहातात लागली, कारण माझा उजवा हात अडसरावर होता.

मला ओ द्यायची होती. त्याच्याइतकं सोपं काहीच नव्हतं — 'आहे, आहे' म्हणायचं. पण डावा हात तोंडावर होता, घट्ट, ओठांत दात रुततील इतका घट्ट. मी तो काढायचा प्रयत्न केला. मी विद्यापीठाकडून गोळाफेक केलेली बाई आहे, माझ्या हातात ताकद आहे. तो निघाला नाही.

हाका किती वेळ चालल्या मला माहीत नाही. प्रणाली स्टॉपवॉच लावायला विसरली. मग त्या थांबल्या. उंबऱ्यावरची सावली थोडा वेळ तशीच राहिली आणि मग गेली.

"मॅडम, पाणी देऊ का?" प्रणाली म्हणाली. मी पायरीवर होते. सलीमभाईंनी ब्लोअर पुन्हा सुरू केला होता.

मी नंतर प्रणालीला खोदून खोदून विचारलं, सलीमभाईंनाही. दोघांचं म्हणणं एकच. मी जागची हललेच नाही. पूर्ण वेळ तिथेच उभी होते, समोर बघत. माझे हात कुठे होते, असं मी विचारलं. "हाताची घडी घातली होतीत," प्रणाली म्हणाली, "मैदानात घालता तशी."

सामूकाका परत येऊन स्टुलावर बसले. घाम पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "असो. काही नाही ना?"

"आत होती," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. वेल्डर माणूस, सांधा पक्का आहे की नाही ते बघावं तसं बघितलं. "कशावरून?"

"आत्ता मी होते आत."

प्रणालीने माझ्याकडे वळून बघितलं. तिला वाटलं असणार, मॅडमनी शेवटी तेच केलं, मला नको सांगून स्वतःच. सामूकाकांनाही तसं वाटलं असेल, कारण ते म्हणाले, "बाई, माझी समजूत घालू नका."

"मला समजूत घालता येत नाही," मी म्हणाले. "कॉलेजात कुणालाही विचारा."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि तो विचारण्यासाठीच ते आले होते, हे मला तेव्हा कळलं.

"सगळं ऐकलं तिने?"

"सगळं. तुम्ही दारावर थाप मारलीत तीसुद्धा."

"मग ओ का नाही दिली?"

"तोंडावर हात होता."

"कुणाचा? वडिलांचा?"

तिचा म्हणावं की माझा, मला ठरवता येईना. "स्वतःचाच," मी म्हणाले.

सामूकाकांनी मान हलवली. एकदा, मग बराच वेळ हलवत राहिले. मग त्यांनी सलीमभाईंनी दिलेली नानकटाई उचलली आणि सावकाश, पूर्ण खाल्ली. जाताना त्यांनी दाराला हात लावला नाही. प्रणालीच्या डोक्यावर ठेवला. दोन वर्षांनी ते गेल्याचं कर्स्टनकडून कळलं.

उपक्रम पुढे आणखी तीन वर्षं चालला, दुसऱ्या रस्त्याने. त्या गल्लीतून परदेशी पाहुण्यांना मी पुन्हा नेलं नाही, त्यामुळे अकरा मिनिटं अजून जातात का हे मला माहीत नाही. मोजून बघायचा मोह झाला नाही, हे माझ्याबाबतीत नवलच. डॉक्टर मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, उपाशीपोटी होतीस, ऐकीव गोष्टी डोक्यात होत्या, मन भरून आलं होतं. मी उपाशी नव्हते, दोन पोळ्या खाऊन गेले होते. मन भरून येणं मला विशेष जमत नाही. आणि कर्स्टनला, जर्मन जोडप्याला, एक शब्द न समजणाऱ्या त्या कोरियन बाईला काय झालं होतं?

सासूबाई म्हणायच्या, बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, कोण असेल सांगता येत नाही. तिसऱ्या हाकेला द्यावी. घरात अजून सगळे ते पाळतात. मी पाळत नाही. दाराशी कुणीही असो, हातातलं काम असेल तसं टाकून मी पहिल्याच हाकेला ओ देते, आणि मग कोण आहे ते बघायला जाते.